एकशे वीस खोल्यांचा वाडा बघायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: सहलीच्या वाटेपासून दीड तास आत एक नावाजलेला ऐतिहासिक प्रासाद आहे. १२० खोल्या, भलीमोठी बाग. तिकीट अंगावर येणारं. आत फक्त गाइडबरोबर सोडतात, चाळीस मिनिटांत नऊ दालनं दाखवतात, बागेचं तिकीट वेगळं. बरोबर गुडघे धरलेली आई आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं. कोणी म्हणतं आयुष्यात एकदा बघाच, कोणी म्हणतं पैसे पाण्यात. काय करावं?

गेली चोवीस वर्षं मी जुन्या घरांच्या जतनाचं काम करतो. काम दिसायला रुक्ष आहे: छपराची गळती शोधायची, गिलावा कुठे सुटलाय ते ठोकून बघायचं, आतल्या सामानाच्या याद्या करायच्या. पण याद्यांच्या निमित्ताने घराच्या प्रत्येक खोलीत शिरायला मिळतं, माळ्यापासून तळघरापर्यंत. त्यामुळे सुट्टीत दुसरीकडची घरं बघायला गेलो की दोरीच्या पलीकडे काय असेल आणि काय नसेल, याचा अंदाज येतो. (प्रासाद, हवेली, महाल, शातो, मॅनर, काही म्हणा. मी पुढे सरसकट ‘वाडा’ म्हणणार आहे, जिभेला तोच शब्द बसलाय.)

आधी त्या १२० खोल्या बाजूला ठेवा. खोल्यांचा आकडा जाहिरातीसाठी असतो. इंग्लंडमधल्या नोल नावाच्या वाड्याबद्दल वर्षाच्या दिवसांइतक्या, म्हणजे ३६५ खोल्या असल्याची दंतकथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये. असतीलही तितक्या, कोण मोजत बसलंय! बघायला मिळतो त्यांतला एक छोटा हिस्सा. अमेरिकेतल्या बिल्टमोरचा आकडा खरा आहे, २५० खोल्या, ३५ शयनगृहं, ६५ शेकोट्या. पण तिथून बाहेर पडलेल्या माणसाला विचारा काय लक्षात राहिलं. तो तळघरातला पोहण्याचा हौद सांगेल, १८९५ सालच्या घरातली बोलिंगची पट्टी सांगेल, स्वयंपाकघरं आणि धुलाईघर सांगेल. पस्तिसातलं सतरावं शयनगृह कुणाच्या लक्षात राहत नाही.

माझा पहिला प्रश्न वेगळाच असतो. हे घर बाहेरून बघायचं आहे की आतून? नॉयश्वानस्टाइन आठवा, जर्मनीतला तो डोंगरावरचा पांढरा किल्ला, कॅलेंडरांवरचा. राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये बांधायला घेतला, १८८६ मध्ये तो मेला तेव्हा बरंचसं काम अर्धवट होतं, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच किल्ला पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात झाली. आत मोजकीच दालनं पूर्ण झाली आहेत. फेरी सुमारे अर्ध्या तासाची, फोटो काढायला बंदी. तो माणूस तिथे नीट राहिलासुद्धा नाही. किल्ला बघायची खरी जागा म्हणजे दरीवरचा पूल, जिथून तो आख्खा दिसतो. तिथवर चालत जायला वाड्याचं तिकीट लागत नाही. समोरच होहेनश्वांगाऊ आहे, लुडविगच्या बापाने १८३०च्या दशकात जुन्या अवशेषांवर उभारलेला, पिवळा, जरा बुटका. लुडविगचं लहानपण तिथे गेलं. मला विचाराल तर आतून बघायचं घर ते आहे, कारण तिथे एक कुटुंब खरोखर राहत होतं. लोक मात्र रांगा लावतात पांढऱ्यासाठी. लावोत बापडे, माझी रांग छोटी होते.

तेव्हा तुमच्या वाड्याचे सगळे गाजलेले फोटो बाहेरचेच असतील, तर त्याचा अर्थ ओळखा.

दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि यावरच बहुतेकांची फसगत होते. त्या घरातलं घराचं किती उरलंय?

जुन्या वाड्यांचं सामान विकलं जातं, वाटण्यांत जातं, जप्त होतं, जळतं. फ्रान्समधला व्हो-ल-व्हिकाँत घ्या. राजाचा खजिनदार निकोला फुके याने तीन दिग्गजांना लावून तो बांधून घेतला: ल व्हो वास्तुकार, ल ब्रँ चित्रकार, ल नोत्र बागेचा. १७ ऑगस्ट १६६१ ला त्याने राजाला, म्हणजे चौदाव्या लुईला, डोळे दिपवणारी मेजवानी दिली. डोळे जरा जास्तच दिपले. तीन आठवडे व्हायच्या आत फुके अटकेत होता, भिंतींवरचे विणलेले पट, पुतळे, अगदी संत्र्याची झाडंसुद्धा राजाने नेली, आणि तेच तिघे पुढे व्हर्सायच्या कामाला लागले. १८७५ मध्ये एका साखर कारखानदाराने मोडकळीला आलेली ही मालमत्ता लिलावात घेतली, बाग पुन्हा उभी केली, आत सामान आणून भरलं. म्हणजे तिथे दिसणारं बरंचसं फर्निचर फुकेच्या घरातलं नाहीच. मग जाऊ नये का? जरूर जावं. पण छताकडे बघावं, कारण ल ब्रँची चित्रं नेता आली नाहीत, आणि बागेत जास्त वेळ द्यावा. काय बघायचं ते ठरवून गेलं की निराशा होत नाही. खुर्च्या बघत बसलात तर होते.

याच्या उलट टोकाला पॅरिसमधलं निसिम द कामाँदोचं घर. मोइझ द कामाँदो या सावकाराने १९११ ते १९१४ मध्ये ते बांधलं आणि अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंनी सजवलं. मुलगा निसिम वैमानिक होता, १९१७ मध्ये लढाईत गेला. बापाने घर मुलाच्या नावाने देशाला देऊन टाकलं, अट एकच, वस्तू जागच्या हलवायच्या नाहीत. १९३५ मध्ये तो वारला, पुढच्या वर्षी घर खुलं झालं. काही वर्षांनी त्याची मुलगी, जावई आणि नातवंडं नाझींच्या आउशवित्झ छावणीत मारली गेली. घर मात्र तसंच आहे, स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या भांड्यांच्या ओळीसकट. खोल्यांच्या आकड्यात ते बिल्टमोरच्या पासंगालाही पुरणार नाही. पण त्या भांड्यांसमोर उभं राहिल्यावर घशाशी जे येतं, ते २५० खोल्यांत मला एकदाही आलं नाही.

आता हे घरबसल्या कसं ओळखायचं? शब्दांवरून. वाड्याच्या माहितीपत्रकात तीन प्रकारचे शब्द येतात आणि ते फार जपून वापरलेले असतात, कारण लिहिणाऱ्याला खोटं बोलायचं नसतं, फक्त सगळं सांगायचं नसतं. ‘मूळ’ किंवा ‘कुटुंबाच्या संग्रहातील’ असं असेल तर ती वस्तू याच घरातली. ‘त्या काळातील’ म्हणजे वस्तू जुनी आहे, पण बाजारातून किंवा दुसऱ्या घरातून आणलेली. आणि ‘त्या काळाच्या शैलीत’, ‘त्या धर्तीवर’ म्हणजे परवा सुताराकडून करून घेतलेली. तिसऱ्या प्रकारात वाईट काही नाही, आम्हीही करतो. पण पानभर ‘काळातील’ आणि ‘शैलीत’ भरलेलं असेल आणि ‘मूळ’ एकदाही येत नसेल, तर तुम्ही घर बघायला न जाता नाटकाचा सेट बघायला चालला आहात. ‘वैभवशाली’, ‘दिमाखदार’ हे शब्द मी वाचतच नाही.

जळून पुन्हा बांधलेल्या घरांबाबत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. अपपार्क नावाचा इंग्लंडमधला वाडा १९८९ मध्ये, छपराची दुरुस्ती संपत आलेली असतानाच पेटला. खालच्या मजल्यावरचं पुष्कळ सामान माणसांनी हातोहात बाहेर काढलं. मग काही वर्षं कारागिरांनी गिलाव्याचं आणि लाकडाचं काम नव्याने शिकून शिकून केलं, आणि १९९५ मध्ये तो पुन्हा उघडला. क्लँडन पार्क २०१५ मध्ये जळला. दोन्ही वाडे नॅशनल ट्रस्ट या जतन करणाऱ्या संस्थेकडे. क्लँडनच्या बाबतीत मात्र तिने बहुतेक आतला भाग पूर्ववत न करता उघड्या पडलेल्या विटा लोकांना दिसू द्यायचं ठरवलं. यावर आमच्या धंद्यात हमरीतुमरीची भांडणं झाली. मला दोन्ही बघण्यासारखे वाटतात, कारण दोन्हीकडे काय घडलं ते लपवलेलं नाही. लपवलेलं असेल तिथे मी दुसऱ्यांदा जात नाही.

तिसरी गोष्ट मागची बाजू. इतक्या मोठ्या घरात मालक मूठभर आणि राबणारे ढीगभर. म्हणून मी आधी बघतो स्वयंपाकघर, नोकरांचा जिना, धुलाईघर, नोकरांना बोलावणाऱ्या घंटांची पाटी यांतलं काही दाखवतात का. वेल्समधल्या एर्डिगमध्ये तर आत शिरायची वाटच सुतारशाळा, तबेले, धुलाईघर अशी मागून आहे, आणि भिंतीवर नोकरांची चित्रं आहेत, अठराव्या शतकापासूनची, मालकाने काढून घेतलेली, सोबत त्यांच्यावरच्या कविता. (कविता सुमार आहेत. पण आपल्या सुताराचं चित्र काढून घेऊन वर त्याच्यावर कविता करणारा मालक दुसरा दाखवा.) अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या माँटिसेलो या घरी गेलात तर घुमटाखालचं घर बघून परत फिरू नका. त्या माणसाने आयुष्यात ६००हून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली, आणि ज्या वाटेवर ती राहिली, राबली, ती मलबेरी रो घराला लागूनच आहे. ती न बघता ते घर कळत नाही. तळघरातली बाटली वर जेवणघरात आणणारा त्याचा हुशार पाळणा लोक कौतुकाने बघतात, खाली बाटली ठेवणारा हात कुणाचा होता ते विचारत नाहीत.

आणि तुमच्याबरोबर मुलं आहेत. मुलांना छतावरची देवदेवता नको असतात. त्यांना भिंतीत लपलेलं दार, भांडी वर चढवणारा पाळणा, घंटा वाजली की कुणाला पळावं लागायचं, हे हवं असतं. माझी पुतणी सात वर्षांची असताना एका वाड्यात सोन्याच्या मुलाम्याची चार दालनं जांभया देत पार पडली आणि स्वयंपाकघरातल्या बर्फाच्या पेटीपाशी तिने अर्धा तास काढला. त्या वाड्याबद्दल ती अजून बोलते, म्हणजे पेटीबद्दल.

कधी कधी एकाच वाड्याच्या निरनिराळ्या फेऱ्या असतात. कॅलिफोर्नियातल्या हर्स्ट कॅसलला मोठ्या दालनांची फेरी वेगळी, वरच्या खोल्यांची वेगळी, पाहुण्यांच्या घरांची आणि स्वयंपाकघराची वेगळी. पहिल्यांदा येणारा डोळे मिटून मोठ्या दालनांची घेतो. एकच परवडणार असेल तर मी दुसऱ्या दोहोंतली घ्या म्हणेन.

गोष्टींबद्दल एक सावधगिरी. भुतं, शाप, वेडी मालकीण हे जिथे पहिल्या ओळीत येतं तिथे घर मागे पडलेलं असतं. सॅन होझेमधलं विंचेस्टर मिस्टरी हाउस याचा नमुना. सासरच्या कंपनीच्या बंदुकांनी मेलेल्यांच्या आत्म्यांना चकवायला सेरा विंचेस्टरबाईंनी कुठेच न जाणारे जिने आणि भिंतीत उघडणारी दारं बांधली, अशी कथा. बाई १९२२ मध्ये वारल्या आणि पुढच्याच वर्षी घर तिकीट लावून उघडलं गेलं, यावरून कथेला खतपाणी कुठून मिळालं ते समजा. १९०६ च्या भूकंपात त्या घराचा उंच मनोरा आणि वरचे मजले ढासळले, ते पुन्हा चढवले नाहीत. वरचा मजलाच नसेल तर जिना जाणार कुठे? मला ही खरी हकिकत भुतांपेक्षा जास्त आवडते. पण फेरीत भुतांना वेळ जास्त मिळतो.

लोकांची मतं वाचताना तारे मोजू नका, तक्रार कशाची आहे ते बघा. ‘अंधार फार’ ही तक्रार मी उलटी वाचतो. रेशीम, जलरंग, जुने कागद यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. उजळ कचेरीत याच्या सहा ते दहा पट असतो. उजेडाने होणारं नुकसान साचत जातं, एकदा उडालेला रंग परत येत नाही, म्हणून पडदे ओढलेले असतात. काल्क ॲबी या इंग्लिश वाड्यात अठराव्या शतकातला एक पलंग सापडला, त्याचे चिनी रेशमी पडदे खोक्यातच पडून होते, कधी लावलेच नव्हते. रंग बघून विश्वास बसत नाही. बाकीच्या सगळ्या घरांतलं रेशीम एके काळी असं होतं आणि आपण त्याचं मळकट भूत बघतो, हे तिथे कळतं. तेव्हा अंधार म्हणजे मूळ माल आहे आणि जपणारा कोणी आहे. ‘काही नाही, नुसतं जुनं फर्निचर’ हीसुद्धा माझ्यासाठी शिफारसच. याउलट ‘गाइडने घाई केली’, ‘गर्दीत काही दिसलं नाही’, ‘अर्धी दालनं बंद होती’ या तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या तर गंभीरपणे घ्या. आणि अलीकडची मतं वाचा. पाच वर्षांपूर्वीचा वाडा आणि आजचा वाडा एक नसतो. दुरुस्तीसाठी परांच्या बांधलेल्या असल्या तर मात्र लगेच बेत मोडू नका, कुठे कुठे काम चालू असताना लोकांना वर चढून छताजवळ नेतात, आणि ती संधी पुन्हा येत नाही.

माझंही चुकलंय. एकदा चार तास गाडी हाकत चुलत भावंडांना घेऊन एका घरी गेलो, घराचं नाव सांगत नाही. कागदपत्रांत घर अस्सल होतं. पोचलो तर आत लग्नाचा मांडव, भिंतींना आठवड्याभरापूर्वीचा तैलरंग, आणि ज्या कोरीव खांबांसाठी गेलो त्यांच्यावर झालर गुंडाळलेली. आदल्या दिवशी एक फोन केला असता तर कळलं असतं. मी इतरांना पंचवीसदा सांगितलेली गोष्ट, स्वतः केली नव्हती. भावंडं अजून त्यावरून टोमणे मारतात.

आता तुमचं. तुम्ही पाठवलेल्या पत्रकात ‘त्या काळातील’ सहा वेळा आहे, ‘शैलीत’ तीन वेळा, ‘मूळ’ फक्त जिन्याबद्दल. नऊही दालनं समोरच्या बाजूची, स्वयंपाकघर आणि तळघर बंद. जिना मूळ आहे म्हणजे तो चढावा लागणार, आणि आईंसाठी लिफ्टचा उल्लेख कुठे नाही. फेरी गाइडबरोबर आहे, म्हणजे मध्ये बसता येणार नाही, चाळीस मिनिटं उभं राहायचं. दालनाला साडेचार मिनिटंही येत नाहीत, त्यात दारातून आत-बाहेर व्हायचा वेळ धरा. अशा फेरीसाठी चौघांचं ते तिकीट मी काढणार नाही.

पण बागेचा नकाशा मी मोठा करून पाहिला. बर्फघर, जुनी काचेची रोपघरं आणि भिंतबंद भाजीमळा तिन्ही शाबूत दिसतात, वाटा सपाट आहेत, बाकं ठिकठिकाणी आहेत. वाड्याचा तो गाजलेला दर्शनी भाग दिसतो तोही तळ्याच्या पलीकडून, म्हणजे बागेतूनच. दीड तासाचा वळसा परत येताना दुसऱ्या रस्त्याने जोडता येत असेल तर बागेचं तिकीट काढा, मुलांना आधी बर्फघराकडे न्या, आईंना मळ्याच्या भिंतीच्या उन्हात बसवा. जोडता येत नसेल तर सोडून द्या.

एक फोन मात्र करा. पत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात ‘विशेष फेऱ्या, चौकशी करावी’ असं आहे. ठरावीक दिवशी तळघर आणि मागचा जिना दाखवतात का, आणि जिना न चढता तळघरात जायची वाट आहे का, एवढं विचारा. दोन्हींना हो म्हणाले तर मुक्काम एक दिवस पुढे-मागे करून त्याच दिवशी जा.